वाढ थांबल्यानंतर दात सरळ करताना

दात सरळ करण्याच्या उपचाराला वयाची वरची मर्यादा नाही. मुळाभोवती पुरेसे हाड आणि निरोगी हिरडी असली, तर पन्नाशीतल्या माणसाचा दातही जागचा हलवता येतो. तो हलतो ती यंत्रणा शाळकरी मुलाच्या दातामागे असते तीच. तरीही वेळापूर, अकलूज, माळशिरस, सांगोला या पट्ट्यात ‘दातांना तार’ म्हटले की शाळा-कॉलेजातली मुलेच डोळ्यांपुढे येतात. चाळिशी ओलांडलेली बाई पुढच्या दातांत पडलेली फट पदराआड लपवते आणि ‘आता या वयात काय करायचे’ म्हणून विषय सोडून देते. उपचार होणार की नाही हे जन्मतारखेवर ठरत नाही, हिरडीखालच्या हाडावर ठरते. त्यामुळे वय विचारून कुणालाही परत पाठवणे चूक आहे आणि हिरडी न तपासता तार बसवणे त्याहून मोठी चूक आहे.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक पडदा असतो. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि निरनिराळ्या पेशी असतात. दातावर हलका पण सतत दाब ठेवला की ज्या बाजूला मूळ हाडावर टेकते तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात आणि ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवे हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढचे हाड झिजते, मागचे भरते आणि दात आपल्या खोबणीसकट सरकतो. कार्ल सँडस्टेड या स्वीडिश संशोधकाने 1904 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून ही प्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. पुढे 1932 मध्ये श्वार्ट्झ यांनी दाबाचे माप मांडले. केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाहून, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 20 ते 26 ग्रॅमहून, जास्त दाब पडता कामा नये असे त्यांचे म्हणणे होते. त्यापेक्षा जोर लावला तर पडद्यातला रक्तपुरवठा बंद पडतो, तिथल्या पेशी मरतात आणि दात आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही. तार जास्त आवळली की काम लवकर उरकते ही समजूत म्हणूनच खोटी आहे. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो आणि त्याला घाई केलेली सोसत नाही.

प्रौढांमध्ये या पेशी जाग्या व्हायला थोडा अधिक वेळ घेतात. हाड जास्त घट्ट असते, पडद्यातल्या पेशींची संख्या कमी असते. सुरुवातीचे काही आठवडे फरक दिसत नाही आणि रुग्ण अस्वस्थ होतो. एकदा हालचाल सुरू झाली की वेग मुलांच्या फारसा मागे राहत नाही.

खरा फरक वाढीचा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा जबडा वाढत असतो, त्यामुळे खालचा जबडा मागे राहिला असेल तर ती वाढ हाताशी धरून सुधारणा करता येते. वाढ संपल्यावर हा मार्ग बंद होतो. टाळूच्या मधोमध असलेली शिवण विशीत पक्की होत जाते, मग साध्या स्क्रूच्या प्लेटने वरचा जबडा रुंद होत नाही. मोठ्या माणसात तारेने दात हलतात, जबडे हलत नाहीत. जबड्यांतला फरक थोडा असेल तर दातांच्या कलात तो झाकता येतो. जास्त असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागते. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया ट्राउनर आणि ओबवेगेसर यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने घातला. त्यात खालचा जबडा दोन्ही बाजूंना उभा चिरून पुढेमागे सरकवतात. अशा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरही तार लागतेच. ज्याला जबडा पुढे आल्याचा त्रास आहे त्याला नुसत्या तारेने चेहरा बदलेल असे सांगणे ही फसवणूक आहे.

मोठ्या वयात माणसे या उपचाराकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात. काहींचे दात लहानपणापासून वेडेवाकडे असतात. घरात पैसा नव्हता, किंवा तालुक्यात हा उपचार करणारे कुणी नव्हते, म्हणून तेव्हा राहून गेले. नोकरी लागल्यावर, हातात स्वतःचा पगार आल्यावर ती इच्छा पुरी करावीशी वाटते. ही इच्छा हौस म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. हसताना तोंडावर हात नेण्याची सवय माणसाला वर्षानुवर्षे छळते. काहींनी लहानपणी तार लावलेली असते, पण तार काढल्यानंतर दात जागेवर ठेवणारी प्लेट वापरली नाही म्हणून दात परत फिरलेले असतात. तार कधी लावलेली नसली तरी वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांत गर्दी होतच असते. तिचे खापर अक्कलदाढेवर फोडण्याची पद्धत आहे, पण अक्कलदाढ नसलेल्यांतही ती होते.

तिसरा गट खेड्यात सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित आहे. त्यांचे दात पूर्वी सरळ होते आणि मोठेपणी हलले. याची दोन कारणे नेहमी सापडतात. पहिले, काढून टाकलेली दाढ. किडलेली दाढ काढली की दुखणे थांबते आणि माणूस त्या खड्ड्याकडे ढुंकून पाहत नाही. पण पाठीमागची दाढ हळूहळू त्या रिकाम्या जागेत कलते, वरची दाढ खाली उतरते, चावा बदलतो. दहा वर्षांनी तिथे कृत्रिम दात बसवायला गेले तर जागाच उरलेली नसते. अशा वेळी कललेली दाढ तारेने उभी करून मग पूल किंवा हाडात रोवायचे इम्प्लांट बसवावे लागते. हा क्रम महत्त्वाचा आहे. इम्प्लांट हाडाला थेट चिकटते, त्याच्याभोवती तंतूंचा पडदा नसतो, म्हणून ते एकदा बसले की तारेने हलत नाही. दात आधी जागेवर आणायचे आणि इम्प्लांट मागाहून बसवायचे. दाढ काढल्यापासून बरीच वर्षे गेली असतील तर त्या जागेचे हाडही अरुंद झालेले असते आणि शेजारचा दात तिथे ओढून आणणे अवघड होते.

दुसरे कारण पायरिया. हिरडीच्या आजाराने मुळाभोवतीचे हाड खाली गेले की जीभ, ओठ आणि चाव्याचा जोर यांच्यातला तोल बिघडतो. वरचे पुढचे दात पंख्याच्या पात्यांसारखे फाकतात आणि त्यांत फटी पडतात. हिरड्यांच्या आजारांच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात असे दात सरकणे हे शेवटच्या, चौथ्या टप्प्याचे एक लक्षण मानले आहे. सोलापूर, सातारा, सांगली भागातल्या बायकांमध्ये या आजारामागे मिश्री बऱ्याचदा असते. तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू दिवसातून दोन-तीनदा दातांना चोळली जाते. तिने दात साफ होतात असा समज आहे. प्रत्यक्षात ती हिरडी मागे ढकलते, मूळ उघडे पाडते, तिचे व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुरुषांत चुना-तंबाखूची चिमूट तेच काम करते. मिश्री आणि तंबाखू सुटल्याशिवाय तार बसवू नये. ही अट कडक वाटली तरी रुग्णाच्या भल्याची आहे.

म्हणून प्रौढाच्या उपचाराची सुरुवात तारेपासून होत नाही. आधी प्रत्येक दाताभोवती बारीक खुणांची सळई घालून हिरडीच्या खिशाची खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरच्या आत भरते. खिसे खोल असतील, दाबल्यावर रक्त येत असेल, तर आधी दात आणि मुळे साफ करायची, गरज पडल्यास हिरडीची शस्त्रक्रिया करायची आणि काही महिने थांबून सूज पूर्ण उतरली आहे ना ते पाहायचे. सूज असलेल्या हिरडीत दात हलवला तर हाड भराभर संपते आणि सरळ केलेला दात हातात येतो. सूज नसेल तर मात्र हाड निम्मे गेलेला दातही सुरक्षितपणे हलवता येतो. फक्त त्याचे गणित वेगळे असते. हाड खाली गेले की दाताचा आधारबिंदू मुळाच्या टोकाकडे सरकतो. तेवढाच जोर लावला तर दात सरळ सरकण्याऐवजी कलंडतो. त्यामुळे जोर कमी ठेवून तारेला वेगळा पीळ द्यावा लागतो. दात हाडात आत दाबायचा असेल तर 10 ते 20 ग्रॅमचा जोर पुरतो. हे काम शिकलेल्या हातांचेच आहे.

बीडीएस झाल्यावर या एकाच शाखेत तीन वर्षांचे एमडीएस केलेला दंतवैद्य म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. तालुक्याच्या गावात असा तज्ज्ञ रोज बसेलच असे नाही. बऱ्याच ठिकाणी तो महिन्यातले ठरावीक दिवस गावातल्या दंतवैद्याच्या दवाखान्यात येतो, त्या दिवशी त्याचे सगळे रुग्ण बोलावलेले असतात आणि तो संध्याकाळी परत जातो. वेळापूरच्या माणसाला अकलूज किंवा पंढरपूर जवळ पडते. शस्त्रक्रियेची किंवा अवघड गुंतागुंतीची वेळ आली तर सोलापूर, सांगली, कराड, पुणे इथल्या दंत महाविद्यालयांचा पर्याय असतो. महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, त्यामुळे खर्च कमी येतो. मात्र विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे शिक्षण संपले की रुग्ण दुसऱ्याच्या हाती जातो. सुरू करतानाच हे विचारून ठेवलेले बरे. दवाखाना कोणताही असो, तार कोण बसवणार, पुढच्या भेटींना कोण पाहणार आणि मधल्या काळात तार टोचली तर कुणाकडे जायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे पैसे भरण्याआधी मिळायला हवीत.

तपासणीत चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन, सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे घेतात. वरच्या आणि खालच्या पहिल्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 मध्ये दातांच्या चाव्याचे तीन वर्ग पाडले. तीच भाषा आजही दवाखान्यात चालते. मग जागेचा हिशेब होतो. दात मावत नसतील तर त्यांच्या बाजू घासून दोन-चार मिलिमीटर जागा मिळवता येते. जास्त जागा हवी असेल तर सुळ्यामागचे दात काढावे लागतात. प्रौढांत मात्र आधीच काही दात गेलेले, काही रूट कॅनाल केलेले, काहींवर टोप्या असतात, म्हणून कोणता दात काढायचा हे पुस्तकातल्या नियमाने ठरत नाही. पायरियाने कमजोर झालेला दात काढून धडधाकट दात वाचवणे शहाणपणाचे ठरते. रूट कॅनाल केलेला दात इतरांसारखाच हलतो, त्याची भीती बाळगू नये. टोपीवर मात्र तार धरणारे ब्रॅकेट सहज चिकटत नाही, पोर्सिलेनचा पृष्ठभाग वेगळ्या रीतीने तयार करावा लागतो.

साधनांच्या बाबतीत गेल्या साठ-सत्तर वर्षांत प्रौढांच्या सोयीचे खूप घडले. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी आवळावी लागे आणि तोंडभर पत्रा दिसे. मायकेल ब्युनोकोर यांनी 1955 मध्ये फॉस्फरिक आम्लाने दाताचे आवरण किंचित खरबरीत केले की राळ त्याला घट्ट धरते हे दाखवले. त्यातूनच ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. 1960 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू आला. वाकवला तरी तो मूळ आकारावर परत येतो. 1970 च्या दशकात जॉर्ज अँड्रिसन यांनी त्याची तार दातांसाठी वापरली. ही तार अनेक आठवडे हलका, सारखा जोर देत राहते. प्रौढांच्या हाडाला हवा असतो तो नेमका असाच. दाताच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट पुढे आली, दाताच्या आतल्या बाजूला बसवायची ब्रॅकेटही आली. हाडात घालायचे टायटॅनियमचे छोटे स्क्रू गेल्या पंचवीस वर्षांत रुळले. जाडीला दीड-दोन मिलिमीटर असलेल्या या स्क्रूचा खुंट्यासारखा आधार घेऊन, मागची दाढ गेलेली असली तरी, पुढचे दात मागे ओढता येतात. आधाराला पुरेसे दात उरले नाहीत म्हणून ज्यांना पूर्वी परत पाठवावे लागे, त्यांचा उपचार यामुळे होऊ लागला.

पारदर्शक अलायनरची कल्पना एका प्रौढ रुग्णालाच सुचली. झिया चिश्ती यांनी मोठेपणी दातांवर उपचार करून घेतले होते. शेवटी मिळालेली प्लेट काही दिवस न वापरता पुन्हा घातली की दात परत जागेवर ढकलले जातात हे त्यांच्या लक्षात आले. अशा अनेक प्लेट क्रमाने वापरल्या तर दात टप्प्याटप्प्याने सरळ होतील, असा विचार करून त्यांनी केल्सी वर्थ यांच्यासोबत 1997 मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. अलायनर काढून ब्रश करता येतो, जेवता येते, ऑफिसात कुणाला कळत नाही. पण तो दिवसात वीस-बावीस तास तोंडात राहिला तरच काम करतो. दर तासाला चहा आणि मधूनमधून सुपारी तोंडात टाकणाऱ्याला तो सोसत नाही. किंमतही धातूच्या तारेपेक्षा बरीच जास्त पडते. वेळापूरच्या परिसरात धातूची तार अजूनही सर्वात भरवशाची आहे. ती स्वस्त असते, चोवीस तास काम करते आणि तुटली तर गावातला दंतवैद्यही सांभाळू शकतो.

घरबसल्या साचा पाठवून टपालाने अलायनर मागवण्याचा प्रकार टाळावा. या धंद्यातली मोठी अमेरिकी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर 2023 मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेले ग्राहक वाऱ्यावर सुटले. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की या पद्धतीत कुणीही समोर बसवून हिरडी तपासत नाही आणि प्रौढांत धोका नेमका तिथेच असतो.

तार बसवल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस दात शिवशिवतात. पॅरासिटामॉल पुरते. दात सरकण्यात शरीरातली प्रोस्टाग्लँडिन ही रसायने भाग घेतात आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तेच दाबतात, म्हणून त्या रोज घेऊ नयेत. गालाला तार टोचली तर दवाखान्यातून मिळालेले मेण लावायचे. खरी कसोटी जेवणाची. सोलापूरकडची कडक भाकरी, शेंगदाणे, कोवळ्या ज्वारीचा हुरडा, बोरे, आणि साखर कारखाना सुरू झाला की दाराशी येणारा ऊस. ऊस दातांनी सोलणे तार असेपर्यंत पूर्ण बंद, कारण एका घासात ब्रॅकेट निघते आणि महिन्याचे काम वाया जाते. रस प्यायला हरकत नाही, पण पाठोपाठ चूळ भरायची. कडक भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खाता येते, शेंगांची चटणी चालते, पेरू फोडी करून मागच्या दातांनी चावावा. ब्रॅकेटभोवती अन्न अडकते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रश आणि रात्री दातांच्या मधला छोटा ब्रश अनिवार्य. तार असताना दर तीन-चार महिन्यांनी हिरड्यांची सफाईही करून घ्यावी.

भेट साधारण चार ते आठ आठवड्यांनी असते. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरात मुक्कामाला येते, त्या दिवसांत पंढरपूरकडची वाहतूक वळवलेली असते. तेव्हाची तारीख आधीच मागेपुढे करून घ्यावी. निकेल-टायटॅनियमची तार दोन आठवडे जास्त राहिली तर बिघडत नाही. पण ताणलेल्या रबरांवर असलेला रुग्ण चार-चार महिने गायब झाला तर दात भलतीकडे जातात. ऊसतोडणीच्या हंगामात असे हमखास घडते, म्हणून उपचाराचा जड टप्पा कुठे येणार हे दंतवैद्याशी बोलून ठरवलेले चांगले.

इतर आजारांची माहिती लपवू नये. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आटोक्यात आल्यावरच सुरुवात करावी. साखर वाढलेली असली की हिरडी सुजते आणि हाड भरत नाही. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगावे. या औषधांनी दात फार मंद हलतात आणि दात काढल्यास जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. उपचार थांबवावा लागत नाही, सफाई वाढवावी लागते आणि एक्स-रे पुढे ढकलावे लागतात. जबड्याच्या सांध्याचे दुखणे तारेने बरे होईल अशी खात्री कुणी देऊ नये, तसा भक्कम पुरावा नाही.

पूर्ण उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. लग्न ठरल्यावर चार महिन्यांत दात सरळ करून मागणारी मुले-मुली आणि त्यांचे आईवडील दवाखान्यात येतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणावे, किंवा तार लावूनच लग्न करावे असे सुचवावे. त्यात कमीपणा काही नाही. उपचाराच्या दोन मर्यादाही आधीच सांगायला हव्यात. मुळांची टोके थोडी झिजतात. बहुतेकांत ही झीज नगण्य असते, पण काहींत जास्त होते, म्हणून मध्यंतरी एक एक्स-रे काढून पाहतात. आणि हाड खाली गेलेल्या माणसाचे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ दोन दातांमध्ये काळे त्रिकोण दिसू लागतात, कारण तिथली हिरडी आधीच गेलेली असते. कडा घासून ते कमी करता येतात, पूर्ण घालवता येत नाहीत.

तार काढली तरी उपचार संपत नाही. नवे हाड पक्के व्हायला काही महिने लागतात आणि हिरडीतले ताणलेले तंतू वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. प्रौढांत, विशेषतः पायरियाने दात हललेल्यांत, ही ओढ कायमची असते. त्यांच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवून टाकतात, शिवाय रात्री घालायची प्लेट देतात. पहिले काही महिने प्लेट दिवसरात्र, नंतर फक्त रात्री, आणि रात्रीची सवय आयुष्यभर. आतल्या तारेखाली किटण साचते, म्हणून सहा महिन्यांनी सफाई आणि तपासणी लागते. तिचे एक टोक सुटले तरी माणसाला कळत नाही, फक्त तो एक दात हळूहळू बाहेर येऊ लागतो. प्लेट हरवली किंवा तडकली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात नवी करून घ्यावी. महिनाभर उशीर झाला तर जुन्या मापाची प्लेट बसत नाही आणि पुन्हा ब्रॅकेट लावण्याची वेळ येऊ शकते.